मदत हवी आहे: ५८००एक्स प्रोसेसरचा बूस्ट (गरजेला आपोआप वाढणारा वेग) आवरायचा आहे, पण बंद करायचा नाही

केळीपान
रायझन ७ ५८००एक्स, बी५५० बोर्ड, १२० मिमी फॅनचा टॉवर कूलर. गाव भुसावळ, दुपारी खोलीत ४१ डिग्री. लग्नाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की प्रोसेसर ९० डिग्रीला चिकटतो, पॅकेज पॉवर १२८ वॅट, फॅन शंभर टक्के. नुसता ब्राउझर उघडला तरी फॅन एकदम घोंघावतो नि लगेच गप्प. प्रोसेसर नि कूलरमधली थर्मल पेस्ट नवी आहे. विंडोजमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं तर सगळं थंड, पण एडिटिंग जड वाटतं. मधला मार्ग?

खटपट्या
भाऊ, उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. या चिपची मूळ मर्यादा पीपीटी, म्हणजे प्रोसेसर एकूण किती वीज ओढू शकतो ती, १४२ वॅट. तुमची १२८ वरच अडते, म्हणजे विजेच्या आधी तापमानाची वेस लागते. ९० ही तिची कमाल.

९९ टक्क्यांनी बूस्टच जातो, ३.८ गिगाहर्ट्झच्या वर चढत नाही. कट मारताना एखाद्या कोअरला ४.७ ची धाव लागते, नेमकी तीच गेली. तेव्हा वेग नका कापू, वॅट कापा.

बायोस (मशीन सुरू होताना उघडणारा सेटिंग मेनू) → अ‍ॅडव्हान्स्ड → एएमडी ओव्हरक्लॉकिंग → प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह → अ‍ॅडव्हान्स्ड → लिमिट्स मॅन्युअल. पीपीटी ८८ वॅट, टीडीसी (सलग करंटची मर्यादा) ६० अँपिअर, ईडीसी (क्षणिक करंटची) ९० अँपिअर. काही बोर्डांत एकक मिलीवॅट असतं, तिथे ८८०००; एकक वाचूनच आकडा टाका. इको मोड ६५ वॅट दिसला तर तोच घ्या, नावात ६५ असलं तरी पीपीटी ८८ च बसतो. बोर्डाच्या स्वतःच्या मेनूतही हीच सेटिंग असते. दोन्हीकडे वेगळे आकडे ठेवले की कुठला लागू झाला ते कळत नाही. बायोस अपडेट केलं की सगळं पुसलं जातं, फोटो काढून ठेवा.

वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. समजा व्होल्टेज १.३ वरून १.१ आणि वेग ४.५ वरून ४.१ झाला, तर वेग ९ टक्के घटतो, वीज मात्र ३५ टक्के. एकच कोअर धावताना ८८ ची वेस गाठलीच जात नाही, म्हणून एडिटिंग जड होणार नाही.

आता अंदाज: १२८ वॅटला खोलीपेक्षा ४९ डिग्री वर. त्याच हिशेबाने ८८ ला ३४, म्हणजे ७५ च्या आसपास.

धूळपाटी
ब्राउझरवाला आवाज वॅट कापून जाणार नाही. एका कोअरचा क्षणाचा उसळा असतो, फॅन त्यामागे धावतो. बायोसमध्ये फॅन किती सेकंदांनी वेग वाढवेल ते ३ ते ५ सेकंद ठेवा. फॅनचा कर्व्ह (किती तापमानाला किती वेग): ६० डिग्रीपर्यंत ४० टक्के, ७५ ला ६५, ८५ ला पूर्ण.

आणि कूलर (खोलीतला हो, प्रोसेसरवरचा नव्हे!) कॅबिनेटच्या तोंडावर सोडू नका. ओलसर हवेत कापसाचे तंतू पात्यांत गच्च बसतात, मग ब्लोअरनेही निघत नाहीत. ब्लोअर मारताना फॅन बोटाने धरा, फिरू देऊ नका.

खटपट्या
इंटेलवाल्यांसाठी: तिथे पीएल१ (सलग विजेची मर्यादा) आणि पीएल२ (थोड्या वेळेपुरती वरची मर्यादा) बघा. आय७-१२७०० ला ६५ आणि १८० वॅट ठरलेले आहेत, पण बरेच बोर्ड मर्यादा मोकळीच सोडतात.

केळीपान
८८/६०/९० टाकलं. तीच फाइल, खोली ४१: प्रोसेसर ७४ डिग्री, एक्स्पोर्ट ११ मिनिटांऐवजी १२. आता खोलीतलाच कूलर जास्त ओरडतो. कर्व्ह ऑप्टिमायझर (त्याच वेगाला कमी व्होल्टेज देणारी सेटिंग) उणे २० करू का?

खटपट्या
आधी सगळ्या कोअरना उणे १०. आणि एक्स्पोर्ट नीट झाला म्हणून पास समजू नका. याचा क्रॅश भाराखाली कमी, मशीन रिकामं बसलेलं असताना जास्त येतो, कारण तेव्हाच एखादा कोअर कमी व्होल्टेजवर उंच उडी मारतो. दोन रात्री चालू ठेवा. सकाळी रीस्टार्ट झालेलं दिसलं तर ५ मागे या.