डीफाय ॲपमधले ‘अप्रूव्ह’ वापरणाऱ्याला कळते का? वापरसुलभतेच्या तपासणीविषयी प्रश्न

सातरस्ता, सोलापूर

नमस्कार. टोकनांची (डिजिटल नाण्यांची) अदलाबदल करणाऱ्या एका डीफाय ॲपची, म्हणजे बँकेऐवजी ब्लॉकचेन या अनेक संगणकांवरच्या सामाईक नोंदवहीवर चालणाऱ्या ॲपची, वापरसुलभता तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. टेस्टनेटवर, म्हणजे खोट्या टोकनांवर, पाच जणांकडून ते वापरून घेतले. त्यांत नवी पेठेत चादरी-टॉवेलचे दुकान असलेले माझे मामाही होते. दुकानात दिवसभर यूपीआय चालते, त्यामुळे मोबाइलला ते बिचकत नाहीत. शंभर टोकन बदलून घ्यायचे, एवढेच काम होते. वॉलेटने (टोकन सांभाळणाऱ्या वेगळ्या ॲपने) ‘अप्रूव्ह’, म्हणजे मंजुरी, विचारताच त्यांनी बटण दाबले आणि "झालं की, घे," म्हणत फोन माझ्या हातात दिला. प्रत्यक्षात अदलाबदल झालेलीच नव्हती. दिली गेली होती ती केवळ परवानगी, आणि तीही अमर्याद रकमेची. उरलेल्या चौघांपैकी तिघे तिथेच थांबले.

वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांची १९९४ची दहा तत्त्वे समोर ठेवून मी अहवाल लिहीत आहे. त्यांतले एक असे की वापरणाऱ्याला चुकीच्या जागेवरून सहज मागे फिरता आले पाहिजे. ब्लॉकचेनवर झालेला व्यवहार उलटवताच येत नसताना हे तत्त्व कसे लावावे?

‘जुना माग’ यांचे उत्तर

मामांचे चुकले असे मी म्हणणार नाही. यूपीआयमध्ये पिन टाकला की पैसे गेले, ही सवय त्यांच्या बोटांत आहे. इथे मात्र ईआरसी-२० या मानकाच्या टोकनाच्या रचनेमुळे दोन पायऱ्या पडतात: आधी कॉन्ट्रॅक्टला (ॲपच्या ब्लॉकचेनवरील प्रोग्रामला) आपल्या खात्यातून टोकन उचलण्याची मुभा, आणि मग अदलाबदल. पुन्हापुन्हा गॅस फी (ब्लॉकचेनवरील प्रत्येक व्यवहाराचे शुल्क) पडू नये म्हणून अनेक ॲप अमर्याद मुभा मागतात. सोय खरी आहे. पण कॉन्ट्रॅक्टमध्ये खोट निघाली, तर त्या टोकनाची सगळी शिल्लक जाऊ शकते.

मामांना समजावायचे तर यूपीआयच्या ऑटोपेचे, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याच्या सोयीचे, उदाहरण द्या. ऑटोपेच्या मॅन्डेटला (आगाऊ परवानगीला) कमाल रक्कम असते आणि शेवटची तारीखही असते. साध्या ‘अप्रूव्ह’ला रकमेची मर्यादा घालता येते, परंतु मुदत नसते, आणि ते रद्द करायलाही गॅस फी मोजावी लागते. म्हणून जिथे परतीची वाट नाही, तिथे ‘चूक होण्याआधीच टाळणे’ या तत्त्वाला अहवालात अधिक वजन द्यावे. बटणावर ‘पायरी १: फक्त १०० टोकन उचलण्याची परवानगी’ असे लिहिले आणि ती पूर्ण झाल्यावर दुसरी पायरी उरली आहे हे ठळक दाखवले, तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

‘हिशेबी’ यांचे उत्तर

रकमेच्या स्क्रीनकडेही पाहावे. ‘स्लिपेज ०.५ टक्के’ (व्यवहार होईपर्यंत भाव इतका हलला तरी चालेल, ही मर्यादा) यातून दुकानदाराला काही बोध होत नाही; ‘कमीत कमी इतके टोकन मिळतील, नाहीतर व्यवहार होणार नाही’ हे कळते. मात्र व्यवहार फसला तरी गॅस फी जाते, हे वॉलेटमधून मंजुरी देण्याच्या आधी सांगितलेच पाहिजे. आणखी एक: वॉलेटचा ४२ अक्षरांचा पत्ता लोक पहिली चार आणि शेवटची चार अक्षरे पाहूनच ताडतात, म्हणून भामटे तीच अक्षरे जुळणारे पत्ते मुद्दाम तयार करून व्यवहारांच्या यादीत घुसवतात. पत्ता आखडून दाखवणे ही मला सजावटीची नव्हे, सुरक्षेची चूक वाटते.

‘बारा शब्द’ यांचे उत्तर

वॉलेट परत मिळवण्याची चाचणी घेतली का? त्यासाठी लागणारे गुप्त शब्द ज्या यादीतून येतात, ती बीआयपी-३९ या मानकाची इंग्रजी यादी २०४८ शब्दांची आहे. मराठी यादी नाही. आमच्या शेजारच्या काकांनी बारा शब्द बिलाच्या पाठीवर देवनागरीत लिहून ठेवले होते. त्यांतला ‘नॉक’ (knock) ते ‘एन’पासून टाइप करत राहिले, यादीत तो ‘के’पासून सुरू होतो. कागद जपून ठेवला होता, तरी अर्धा तास वॉलेट उघडले नाही.

सातरस्ता, सोलापूर

सर्वांचे आभार. बटणावरचा मजकूर बदलून मामांना पुन्हा बसवले. या वेळी दुसरी पायरी त्यांनी स्वतःहून शोधली. परंतु मध्ये उघडणारी वॉलेटची खिडकी वेगळ्या ॲपची असल्याने तिथला ‘अप्रूव्ह’ तसाच इंग्रजीत राहिला, आणि मामा तिथे पुन्हा अडखळले. "इथं शंभर लिहिलंय, तिथं कुठंय?" असे त्यांनी विचारले. तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत अहवालाच्या पहिल्या पानावर घेतला आहे.