एच-इंडेक्स बघून बायोमेडिकल संशोधक निवडावा का?

सूक्ष्मदर्शी
अर्जातला एच-इंडेक्स बघून चाळणी लावायला माझा विरोध आहे. प्रत्येकी निदान पाच सायटेशन्स (इतर पेपरांतले उल्लेख) मिळालेले पाच पेपर असले की एच-इंडेक्स ५. तो आकडा भलतंच मोजतो. ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीचा पेपर घ्या. २०१४ पर्यंत त्याला तीन लाखांवर सायटेशन्स होती, जगात सर्वाधिक. कारण साधं आहे. नमुन्यात प्रथिन किती, हे जीवरसायनाच्या प्रत्येक लॅबला मोजावंच लागतं आणि 'पद्धती'त एक ओळ टाकली की काम झालं. उलट जीवरसायनशास्त्रज्ञ कातालिन कारिको यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १९९५ ला खालच्या पदावर आणलं. त्यांनी ड्रू वाइसमन यांच्याबरोबर २००५ ला दाखवलं की आरएनएचे घटक, म्हणजे न्यूक्लिओसाइड, बदलले तर बाहेरून सोडलेल्या आरएनएवर प्रतिकारयंत्रणा तुटून पडत नाही. त्या कामाला नोबेल २०२३ ला मिळालं. मधली अठरा वर्षं तुमची चाळणी काय सांगत होती?

आकडेमोड
लाउरींचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पेपर उतरत्या क्रमाने लावा: १२०, ४५, २२, ९, ६, ५, ३. पाचव्या पेपरला ६ सायटेशन्स, म्हणजे पास. सहाव्याला ५, नापास. एच-इंडेक्स ५. आता त्या १२० चे तीन लाख करा, एच-इंडेक्स ५ च राहतो! हिर्श यांनी २००५ ला मांडलेल्या या मोजमापाची खुबीच ती आहे, एका गाजलेल्या पेपरवर कुणी तरून जात नाही. आणि आकडा काढून टाकलात तर समितीसमोर उरतं काय? गाइड कोण आणि ओळख कुणाची. ती चाळणी जास्त वाईट.

तळटीप
भांडा खुशाल, पण आधी आकडा कुठून घेतला ते लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधलीही (तज्ज्ञांनी तपासण्याआधी टाकलेल्या पेपरांतलीही) सायटेशन्स धरतो, त्यामुळे तिथला एच-इंडेक्स बहुधा स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या निवडक जर्नलांच्या सूचींपेक्षा वर असतो. दोन उमेदवार दोन वेगळ्या ठिकाणांवरून तोलले की तुलना तिथेच संपली.
दुसरी भानगड नावांची. 'एस. पाटील', 'ए. कुलकर्णी' असे किती असतील! स्कॉलर दुसऱ्याचे पेपर आपोआप तुमच्या खात्यात घालतो, तर स्कोपस एकाच माणसाची दोन खाती करतो, लग्नानंतर आडनाव बदललेल्या बाईंची तर हमखास. स्कॉलरमधली आपोआप भर बंद करा, 'आधी विचारा' हा पर्याय ठेवा. स्कोपसला खाती एकत्र करायची विनंती पाठवा. ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळखक्रमांक पेपर पाठवतानाच द्या, छापून आल्यावर निस्तरणं जिकिरीचं असतं.

सूक्ष्मदर्शी
@आकडेमोड, ओळखीचं मान्य. पण दीडशे लेखकांच्या पेपरात सत्त्याण्णवाव्या नावालाही एच-इंडेक्सचं तेवढंच माप मिळतं. बायोमेडिकलमध्ये पहिलं नाव साधारणपणे हाताने काम करणाऱ्याचं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. एच-इंडेक्सला दोन्ही सारखीच. उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन पेपर आणि प्रत्येकात आपण नेमकं काय केलं याच्या चार ओळी मागा. चाळीस अर्जांचे १२० पेपर होतात. तिघांत वाटले की माणशी ४०.

शंकासुर
इम्पॅक्ट फॅक्टरवाले, म्हणजे जर्नलच्या पेपरांना मिळणाऱ्या सायटेशन्सची सरासरी बघणारे, गप्प का? 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए' या स्फटिकशास्त्राच्या जर्नलचा फॅक्टर २ च्या आसपास असायचा, २००९ ला तो ४९.९ झाला. शेल्ड्रिक यांचा स्फटिकांची रचना काढणाऱ्या शेलेक्स या सॉफ्टवेअरवरचा २००८ चा एकच पेपर जो तो उद्धृत करत होता. त्या वर्षी शेजारच्या पानांवर छापलेले बाकीचे लेखकही 'पन्नासच्या जर्नलवाले' झाले. पुण्यातून चालणारी यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची यादीही २०२५ ला बंद झाली. आता जर्नल पारखायचं कॉलेजांवर आलंय, तर हा फॅक्टर आणखी चालेल अशी भीती वाटते.

आकडेमोड
इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा, माणसाचा नव्हेच. त्यावर वाद नाही. एच-इंडेक्सला क्षेत्राचा फरक मात्र पडतो: कर्करोगाच्या पेपरला मिळतात तेवढी सायटेशन्स परजीवींवर काम करणाऱ्याला कुठून मिळणार? त्यासाठी अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेचं आयसाइट हे संकेतस्थळ फुकट आहे. ते पेपरची तुलना त्याच क्षेत्रातल्या पेपरांशी करतं. १ म्हणजे त्यांच्या निधीवरच्या पेपरांचा मध्य. पण पहिली चाळणी आकड्याचीच हवी, माणशी ४० पेपर कुणी वाचत नाही. सारांश वाचतात.

सूक्ष्मदर्शी
मग तीनऐवजी एक पेपर मागा, पण आकृत्यांसकट वाचा.