फॅमिली ग्रुप: शटडाऊनच्या क्लिपा (५ नोव्हेंबर २०२५)

पिंट्या: अमेरिकेत बजेट मंजूर नाही म्हणून सरकारी ऑफिसं बंद आहेत ना, त्या शटडाऊनवरचे किमेल, कोलबेअर, सेथ मायर्स या तिघा टीव्ही शोवाल्यांचे विनोद एकत्र केलेत. पोट दुखेपर्यंत हसलो 😂😂 बघाच.

ताई (मेरीलँड): पिंट्या, आज ३६ वा दिवस. २०१९ चा ३५ दिवसांचा विक्रम मोडला. आमच्याकडे कोणी हसत नाहीये.

आत्या: त्रिपुरी पौर्णिमेच्या सर्वांना शुभेच्छा 🪔🪔

नानाकाका: आपल्याकडे असं होत नाही. बजेट वेळेत मंजूर नसेल तर लेखानुदान घेतात, म्हणजे तात्पुरत्या खर्चाची मंजुरी.

मावशी: अगं, मग त्यामुळेच माझं फराळाचं पार्सल अडकलंय का?

ताई (मेरीलँड): नाही मावशी, पोस्ट चालू आहे. ते स्वतःच्या कमाईवर चालतं.

वहिनी: फराळ पाठवलात का? छान. आम्ही ठाण्यात, जवळ आहोत म्हणून राहिलं असेल.

मावशी: तूच म्हणालीस ना, यंदा गोड नको?

वहिनी: चिवडा गोड नसतो मावशी 🙏

दादा: ताई, पगार नंतर मिळतो ना पण? २०१९ ला तसा कायदा झालाय.

ताई (मेरीलँड): तो सरकारी नोकरांना. हे कॉन्ट्रॅक्टवर आहेत. ऑफिस बंद म्हणून कंपनीने घरी बसवलंय, मागचं काहीही मिळणार नाही. कितीदा लिहू? घराचा हप्ता बचतीतून गेला या महिन्यात.

नानाकाका: लेखानुदान. आणि लोकसभेत बजेट पडलं तर सरकारच पडतं.

पिंट्या: पण ताई, ते पुढाऱ्यांनाच झोडतात ना? लोक बिनपगारी आणि यांचा पगार चालू!

ताई (मेरीलँड): झोडू देत, झोडायलाच हवं. पण २०१९ च्या जानेवारीत याच किमेलने पगार अडकलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना रोज एकेक करून शोमध्ये कामाला घेतलं होतं. पहिला तुरुंगात नोकरी करणारा, त्याने बँडमध्ये खंजिरी वाजवली. तेव्हा मीही हसले, कारण ज्याचं घर अडलंय तो माणूस समोर दिसत होता. तू पाठवलेल्यात सगळे पुढारीच आहेत. आणि ती पाठवताना "भावोजी कसे आहेत" एवढं तरी विचारायचंस.

नानाकाका: म्हणून म्हणतो, लेखानुदान हवं तिकडे.

दादा: नानाकाका, तात्पुरता खर्च मंजूर करायची सोय तिकडेही आहे. नवं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण सिनेटमध्ये १०० पैकी ६० मतं जमल्याशिवाय ते विधेयक पुढे सरकत नाही. आणि सरकार काही पडत नाही.

आत्या: कोण पडलं?? फार लागलं का?

वहिनी: कोणी नाही आत्या. वरचं वाचा.

पिंट्या: ताई, भावोजींना आत्ता फोन करू?

ताई (मेरीलँड): कर. इकडे सकाळ आहे. घरीच आहेत.

मावशी: पार्सल आलं की कळव गं. आणि ठाण्याला मी रविवारी येते, चिवडा घेऊन.

वहिनी: रविवारी आम्ही नाही आहोत.

नानाकाका: लोकसभेत असं चालत नाही.