मदत हवी आहे: गटातून तिरकी जाणारी पायवाट, माझ्यावर नेमकं काय बंधनकारक?

नमस्कार मंडळी,

कृष्णाकाठी आमचा पावणेतीन एकराचा गट आहे. वरच्या वस्तीवरून डांबरीला उतरणारी पायवाट त्यातून कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते. शाळेची पोरं, डेअरीला दूध घालणारे, मजुरीला जाणाऱ्या बायका, सगळे तिथूनच येतात-जातात. आजवर ज्वारी-हरभरा व्हायचा तेव्हा अडचण नव्हती. पेरणीची पाभर वाटेवरूनच जायची आणि पंधरा दिवसांत माणसांच्या पायानं वाट परत उमटायची.

आता पाण्याची सोय झालीय आणि पाच फुटी सरीवर ठिबकचा आडसाली ऊस घ्यायचाय. ऊस म्हणजे दीड वर्ष रान अडकलं. वाट ठेवावी तर प्रत्येक सरी मधेच तुटते, ठिबकच्या नळ्या, म्हणजे लॅटरल, दोन्हीकडून बंद करत बसावं लागतं. आणि एवढं करूनही श्रावणानंतर ऊस पडला की वाट झाकणारच. पाला पोरांच्या तोंडाला कापतो, त्यात आमच्याकडं बिबट्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही.

शेजारी म्हणतात, 'नांगर घाल, कोण विचारतंय!' मला तसं करायचं नाही, रोज तोंड दाखवायचंय सगळ्यांना. पण वाट बांधाकडेला वळवली तर चालेल का? ती चांगली ठेवायची जबाबदारी माझी की ग्रामपंचायतीची? रानडुकरांसाठी झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत हलका झटका सोडणारं यंत्र, लावलं तर वाटेचं काय करायचं?

— पाटाचंपाणी

कोरडवाहू: दादा, आधी सातबारा काढा आणि पोटखराब्याचा, म्हणजे गटातल्या लागवडीत न धरलेल्या जमिनीचा, रकाना बघा. वर्ग 'अ' म्हणजे खडक, नाला असली लागवडीला नालायक जमीन. वर्ग 'ब' मध्ये रस्ता किंवा मान्य पायवाट, लोक वापरतात तो ओढा, स्मशान असलं क्षेत्र येतं. १९६८ च्या जमीन वापराच्या नियमांतच ही विभागणी आहे. 'अ' वहितीला आणता येतो, 'ब' ला हात लावायचा नाही. मग भूमी अभिलेखमधून गाव नकाशा घ्या. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. दुहेरी तुटक असेल तर गाडीमार्ग, तो साडेसोळा ते एकवीस फूट. नकाशात काहीच नसेल तर तो वहिवाटीचा विषय, त्याचा हिशेब वेगळा.

पाटाचंपाणी: बघितलं. पोटखराब 'ब' चार आर, म्हणजे चारशे चौरस मीटर आहे. नकाशात एकेरी तुटक रेघ कोपऱ्यातून कोपऱ्यात. वाटेची लांबी धरून सव्वाआठ फुटानं गुणलं तर चार आरच्या जवळपासच येतंय. एवढी वर्षं सातबारा हातात आहे, त्या रकान्याकडं लक्षच गेलं नव्हतं.

टिपणवही: म्हणजे विषय मिटला, वाट नोंदलेली आहे. शेजाऱ्यांचं ऐकून नांगर घातलात तर वस्तीवरचा कुणीही जमीनधारक मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जाईल. त्याला अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते. लोक समजतात, सहा महिने गप्प काढले की सुटलो. तसं नाही. सार्वजनिक वाट अडवली म्हणून प्रांताधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली तक्रार होते. पूर्वी हेच फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं. शिवाय वीस वर्षं उघडपणे, बिनतक्रार, हक्कानं वापरलेल्या वाटेचा सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीतून जायचा हक्क, दिवाणी कोर्टात मागता येतो, १८८२ चा कायदा आहे. तुमच्याकडं तर वर्षानुवर्षांची वहिवाट.

वळवायचं म्हणाल तर मला पटतंय. महसूल संहितेचं कलम १४३ सुद्धा दुसऱ्याच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून रस्ता देण्याचंच आहे. पण स्वतःच्या मनानं वळवू नका. वस्तीवरच्यांची लेखी संमती घ्या, तहसीलदारांकडे अर्ज द्या, मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा होऊ द्या. नवी वाट सगळी तुमच्याच हद्दीत धरा, शेजाऱ्याच्या बांधाला टाच लागली की नवीन भांडण. आणि एक, मे २०२५ चा शासन निर्णय शेतरस्त्याला किमान तीन ते चार मीटर म्हणतोय. अर्ज टाकलात की कुणीतरी 'ट्रॅक्टर जाईल एवढा द्या' म्हणणारच. तयारीनं जा.

कोरडवाहू: मुरूम टाकायचं काम तुमचं नाही, ते ग्रामपंचायतीच्या गळ्यात घाला. तुम्ही एवढंच पाळायचं: वाटेवर काट्या, चर, खताचा ढीग नको, आणि ठिबकचा सबमेन पाइप खाली गाडून न्या. पाट फुटून वाटेचा चिखल झाला तर तोही अडथळाच. झटका मशीन बॅटरीचंच हवं, खांबावरून थेट करंट कुंपणात सोडणं हा गुन्हा आहे. तार वाटेपासून हातभर आत घ्या आणि पाटी लावा, लहान पोरं हात लावून बघतात.

पाटाचंपाणी: आभारी आहे मंडळी. रविवारी वस्तीवर जाऊन बोलतो. एकच शंका राहिली. पूर्वेच्या बांधाला जुनी विहीर आहे, बिनकठड्याची. वाट तिकडून न्यावी तर तिच्या अगदी काठानं जाईल. पश्चिमेकडून नेली तर लोकांना लांबचा वळसा.

टिपणवही: पूर्वेकडूनच न्या, वळसा दिलात तर लोक उसातून पुन्हा तीच जुनी वाट पाडतील. पण कठडा आधी, अर्ज नंतर. आणि हे सगळं लागणीच्या आधी उरका. उभ्या उसात पंचनाम्याला आलेल्या माणसाला जुनी वाट कुठली अन् नवी कुठली, काही कळायचं नाही.