दोन लीडचं पटत नाही, टीम मात्र भरडली जातेय. काय करावं?

मिहानवाली
नागपूरला मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडला आहे. आमच्यावर आर्किटेक्ट सर आणि इंजिनिअरिंग मॅनेजर मॅडम. दोघंही हुशार, दोघांकडून मी खूप शिकले. पण गेलं वर्षभर ते एकमेकांशी थेट बोलत नाहीत. जे काय सुनवायचं ते आमच्या पुल रिक्वेस्टवरच्या (तपासायला दिलेल्या कोडवरच्या) कमेंटमध्ये.

ऑर्डरचे एसएमएस पाठवायला सरांना काफ्का हवं, म्हणजे मेसेज रांगेत लावून पुढे पोचवणारी वेगळी सिस्टिम. मॅडम म्हणतात, एवढ्याशा ट्रॅफिकला पोस्टग्रेस डेटाबेसमधलं एक टेबल पुरे. टेबल केलं की सर रिव्ह्यू अडवतात, काफ्का केलं की मॅडम तिकीटच स्प्रिंटमधून (ठरलेल्या कामांच्या यादीतून) काढतात. शेवटी अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं असं प्रॉडक्शनला गेलं आणि ग्राहकांना एकेका ऑर्डरचे दोन-दोन एसएमएस जायला लागले. रात्री फोन गेला तो आमच्यातल्या सगळ्यात नव्या पोराला. सकाळी मीटिंगमध्ये दोघांनीही त्यालाच विचारलं, "मर्ज कोणी केलं?" म्हणजे हा कोड मुख्य कोडमध्ये कोणी घातला. तो लॅपटॉपचं झाकण नुसतं उघडमीट करत राहिला. मला ते बघवलं नाही.

पुण्याला जायचं नाहीये, आईबाबा इथे प्रतापनगरला आहेत. नोटीस ९० दिवसांची. इथेच राहून काही करता येईल का?

खापरीकर
ताई, त्यांची दिलजमाई करायला जाऊ नका, ते तुमचं काम नाही. निर्णय तेवढा कागदावर आणा. सॉफ्टवेअरवाले मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये एडीआरचा, म्हणजे आर्किटेक्चरचे निर्णय नोंदवून ठेवायच्या कागदाचा, साधा साचा मांडला होता: शीर्षक, स्थिती, पार्श्वभूमी, निर्णय, परिणाम. पानभराची फाइल, कोड ठेवता त्याच रिपोमध्ये. परिणामांत दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लिहा. काफ्का आणलं तर ते सांभाळणार कोण, रात्री उठणार कोण? टेबल ठेवलं तर पोस्टग्रेसमध्ये ९.५ पासून 'स्किप लॉक्ड' आहे, त्यामुळे एका वर्करने (मेसेज पाठवणाऱ्या प्रोग्रामने) धरलेली ओळ दुसरा सोडून पुढे जातो. खाली निर्णय घेणाऱ्याचं नाव लिहा, एकच. ते कोणाचं, हे दोघांच्या वरच्या माणसाने ठरवायचं.

आणि काहीही निवडलं तरी एखादा मेसेज दोनदा येऊ शकतो हे धरूनच चला. पाठवलेल्या एसएमएसच्या नोंदीत ऑर्डर नंबर आणि स्टेटस मिळून युनिक कन्स्ट्रेंट लावा, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा नोंदवलीच जाणार नाही. आधी नोंद, मग एसएमएस. याला दोघांपैकी कोणीच अडवणार नाही.

बर्डीचा_भाऊ
खापरीकरांचं बरोबर आहे, पण वरचा साहेब "आपसात मिटवा" म्हणून मोकळा होते, हे मी पाहून राहिलो. त्याले स्वभावाच्या तक्रारी सांगू नका. डबल एसएमएसचं बिल आणि ग्राहकांचे आलेले फोन दाखवा. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवेनं १९६८ मध्येच लिहून ठेवलं आहे, माणसं जशी आपसात बोलतात तशीच त्यांची सिस्टिम बनते. तुमची अर्धी काफ्का, अर्धी टेबल काऊन झाली, ते त्यातच आलं.

रेशीमबागेतून
मी सात वर्षं लीड आहे, म्हणून एवढंच सांगते. त्या पोराचं आधी बघ गं. पुढच्या मीटिंगमध्ये कोणी त्याला विचारलं की तू बोल, "दोन रिव्ह्यूअरनी दोन उलट गोष्टी सांगितल्या होत्या, या त्या कमेंट." स्क्रीनवर उघडूनच दाखव. घटनेचा रिपोर्ट लिहिताना माणसाचं नाव घालू नकोस, काय कशामुळे झालं तेवढंच. आणि सीव्ही अपडेट कर. नागपुरातही कंपन्या आहेत, घरून काम देणाऱ्याही आहेत. हातात पर्याय असला की वरच्यांशी बोलताना आवाज कापत नाही.

मिहानवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. युनिक कन्स्ट्रेंटचं तिकीट टाकलं, सर आणि मॅडम दोघांनीही अप्रूव्ह केलं. रिपोर्ट आज रात्री लिहिते, तो पोरगाही सोबत बसणार आहे. खापरीकर दादा, एडीआर आधी दोघांच्या वरच्या डायरेक्टरांना एकट्यांना दाखवू, की तिघांना एकाच मेलवर पाठवू?

खापरीकर
तिघांना, एकाच मेलवर. एकट्यांना दाखवलं तर उरलेल्या दोघांना तुम्ही कोणाच्या तरी बाजूच्या वाटाल. उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीखही त्यातच घाला.