अनुभव: तेल, तूप, दूध नसलेलं रोजचं जेवण

पागोळी
आज स्टेशनबाहेर ऋषीच्या भाजीचे वाटे लागलेत. अळूची देठं, लाल माठाचे जाड दांडे, कणसाचा तुकडा, सुरणाची फोड, शिराळं, पडवळ, दोन-चार भेंड्या, सगळं एकत्र बांधून. हातात घेतलं आणि आजीचं पितळेचं पातेलं आठवलं. आमच्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्या आणि वरीचा भात. फोडणी नाही, मसाला नाही. मिरची, चिंच, मीठ, ओलं खोबरं, बस्स. आदल्या दिवशी उकडीचे मोदक चापलेले असायचे, त्यामुळे आम्ही पोरं ते पातेलं बघून पळ काढायचो.

आता गंमत बघा. अहोंचे कोलेस्टेरॉलचे रिपोर्ट आले, लेकीने व्हिडिओवर व्हिडिओ पाठवले आणि घरात 'होल फूड प्लांट बेस्ड' सुरू झालं. म्हणजे दूध-तूप नाहीच, पण मैदा, साखर आणि बाटलीतलं तेलही नाही. भाज्या-धान्यं भरलेल्या वाडग्याला लेक 'बोल' म्हणते, तो मला ओळखीचा वाटला. ऋषीची भाजीच ती, वर दोन ॲव्होकॅडोच्या फोडी!

रोज वेगळं काय करायचं हा प्रश्न आहेच. तुमच्या घरातलं सांगा. फोटो नकोत, अनुभव हवेत.

खानदेशी_ठेचा
कळण्याची भाकरी. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळायचे, पिठात मीठ. सोबत तव्यावर भाजून रगडलेल्या मिरच्या आणि भरताचं वांगं, तेसुद्धा काड्यांवर भाजलेलं. तेलाचा प्रश्नच नाही.
(वरून कच्चं तेल ओततात ते सांगत नाहीये.)

वऱ्हाडी_माणूस
सांगून टाकलं की हो तुम्ही 😂 आमच्याकडे तर तर्रीशिवाय रस्सा म्हणजे पाहुण्याचा अपमान. तरी अंबाडीची भाजी घ्या, ज्वारीच्या कण्या घालून घोटलेली. लसणाची फोडणी वरून असते, ती गाळली तरी भाजी उभी राहते. आंबटपणाच इतका असतो.

सईची_आई
चहाचं काय केलंत ते सांगा आधी. बाकी सगळं जमेल.

पागोळी
@सईची_आई गवती चहा, आलं, बिनदुधाचा. अहो पहिला आठवडा पेल्याकडे बघून उसासे टाकत होते. आता ओट्सचं दूध घालतात, मी बघत नाही.

म्हापसेकर
आमच्या गोंयात चवथीला खतखतें करतात, तेही बिनतेलाचंच. ज्या भाज्या मिळतील त्या सगळ्या, तूरडाळ, खोबऱ्याचं वाटण, सोलां म्हणजे आमसुलं, गूळ आणि तिरफळं. तिरफळं आतली काळी बी काढून, जराशी ठेचून शेवटी घालायची आणि लगेच झाकण. उकळत ठेवली तर कडवटपणा येतो. खाताना एखादं दाताखाली आलं की जीभ मुंग्या आल्यासारखी होते, मुलांना त्याचीच मजा. आई कांदा-लसूण घालत नाही, तिला कोणी डाएट शिकवलेलं नाही. फक्त रोज खतखतें मागितलं तर लाटणं घेऊन येईल, भाज्या चिरायलाच तासभर जातो.

नदीकाठ
खोबरं चालतं का यात? माझ्या डॉक्टरांनी खोबरं बंद केलंय.

पागोळी
ओल्या खोबऱ्याचा कीस आम्ही थोडा घालतो, काढलेलं दूध आणि खोबरेल नाही. पण तुमचे डॉक्टर सांगतील तेच करा हो.

पेठेतली
आमच्याकडे ऋषीच्या भाजीत आंबट ताक घालतात. ताकाशिवाय ती भाजीच नव्हे.

कोकणी_मेवा
ताक??? ऋषींना विचारलं का? 😄

पेठेतली
सासूबाईंना विचारलं. ऋषींपेक्षा वरचं कोर्ट आहे ते.

सोलापुरी_चादर
शेंगाचटणी कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. लोकांना वाटतं त्यात तेल घालतात. नाही. शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजायचे, सालं राहू द्यायची, लसूण, तिखट, मीठ, जिरं आणि उखळात कुटायचं. कुटता कुटता दाण्याचं तेल आपोआप सुटतं, चटणी लालभडक आणि ओलसर होते, बोटाने दाबली की गोळा बसतो. मिक्सरला फिरवलं तर भुकटी होते नाहीतर एकदम लोणी, मधली अवस्था मिळत नाही. थांबत थांबत पल्सवर फिरवलं तर जरा जवळ जातं.
कडक भाकरी मोडून त्यावर ही चटणी, बाजूला कच्चा कांदा आणि काकडी. मी लोकलने फिरणारा माणूस, डबा दोन दिवस टिकतो, गरम करायची भानगड नाही. ऑफिसात पोरं आधी हसली, आता चटणी संपवून डबा परत देतात. फक्त बेताने, दाणे शेवटी दाणेच, मूठभर चटणी खाऊन 'मी तेल सोडलंय' म्हणू नये.

सईची_आई
कडक भाकरी घरी जमते का?

सोलापुरी_चादर
बायकोला जमते. मला खाता येते.

हायडलबर्गकर
इथे जर्मनीत उलट सोपं आहे. ओट्स, लाल मसूर, जवस कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्त. जवस भाजून लसूण-तिखट घालून चटणी करतो, राय धान्याच्या काळ्या पावाला लावतो. जर्मन रूममेटला आवडली, त्याने ती पास्त्यावर घातली. मी काही बोललो नाही. ज्वारीचं पीठ मात्र भारतीय दुकानात जुनं मिळतं, भाकरी थापताना तुकडे होतात. उपाय?

खानदेशी_ठेचा
उकळतं पाणी घालून उकड काढ पिठाची, मग मळ. जुनं पीठ असंच वळणीवर येतं.

अनामिक_वाचक
जरा कडू लिहिते. असंच दूध-दही पूर्ण सोडलं, मस्त वाटत होतं. मग पायाला मुंग्या, सतत थकवा. तपासलं तर बी12 जीवनसत्त्व तळाला. इंजेक्शनं घ्यावी लागली. वनस्पतींतून बी12 भरवशाने मिळत नाही. मोड आलेल्या मटकीत नाही, स्पिरुलिना या शेवाळाच्या भुकटीवरही विसंबू नका. गोळी किंवा बी12 मुद्दाम घातलेला पदार्थ लागतोच. ओट्सच्या दुधाच्या खोक्यावर वाचा, सगळ्यांत घातलेलं नसतं. ज्यांनी अजून तपासलं नाही त्यांनी आधी रक्त तपासा, मग ऋषीची भाजी.

पागोळी
@अनामिक_वाचक काळजी घ्या गं. आता कशी आहेस? अहोंची गोळी डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून सुरू केली होती.

अनामिक_वाचक
बरी आहे ताई. मुंग्या गेल्या. जिने चढते.

नदीकाठ
लोहाचंही लिहा कोणीतरी. पालेभाजीवर लिंबू पिळायचं आणि जेवणावर लगेच चहा नाही, एवढं मला सांगितलंय.

तात्या_बीडकर
वय 68. तुम्ही हे हौसेने करताय, करा. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मिलोची भाकर खाल्ली, लाल ज्वारी, अमेरिकेतून आलेली. खडी फोडायच्या कामावर खायला सुकडी मिळायची. घरात तेल नव्हतं, म्हशी विकल्या होत्या. आई हुलग्याचं माडगं करायची, हुलगे भाजून दळायचे आणि पाण्यात शिजवायचे, मीठ-मिरची. आता नातसून तेच माडगं 'हाय प्रोटीन सूप' म्हणून देते. चव चांगली आहे तिची, जिरं भाजून टाकते. मी दोन वाट्या पितो. पण भाकरीवर तूप घेतो, ते मला कोणी सोडायला सांगू नये.

वऱ्हाडी_माणूस
तात्या, तुम्हाला सांगायची कोणाची टाप आहे.

पेठेतली
🙏

झपाटलेला_पंखा
2023 भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून आमच्या दुकानात नाचणीची बिस्किटं, नाचणीचे चिप्स, सगळं नाचणी. पाकिटाची मागची बाजू वाचा. जे जास्त ते आधी लिहावं लागतं. मैदा, साखर, पामतेल आणि मग कुठेतरी नाचणी. त्यापेक्षा आंबील करा. नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेवायचं, सकाळी शिजवायचं, गार करून कच्चा कांदा आणि मीठ. ताक न घालताही आंबटपणा येतो, उन्हाळ्यात तर लवकरच.

कोकणी_मेवा
शेवळांचं, त्या पावसाळी रानभाजीचं, कोणाला माहीत आहे का? जूनमध्ये घेतली होती, घशाला खाज सुटली सगळ्यांच्या.

पागोळी
काकडं घातली नाहीस का? शेवळांबरोबर ती हिरवी आंबट फळं विकतात ती त्यासाठीच. रस काढून घालायचा. नाही मिळाली तर चिंच. आणि शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा.

कोकणी_मेवा
विकणाऱ्या मावशींनी दिली होती गं, मला वाटलं आवळे आहेत, मुलाने मीठ लावून खाल्ले 🤦

सईची_आई
😂😂 बिनतेलाच्या फोडणीचं कोणीतरी सांगा ना. मोहरी कच्ची लागते.

म्हापसेकर
कोरड्या लोखंडी कढईत मोहरी-जिरं तडतडू द्या, कांदा घाला, चिकटायला लागला की चमचाभर पाणी. परत चिकटला की परत पाणी. हिंग मात्र कोरडा नको, करपतो, पाण्याबरोबर घाला. आणि तेलाच्या फोडणीची चव येते असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, वेगळी लागते.

झपाटलेला_पंखा
अंडं चालतं का यात?

पागोळी
नाही.

झपाटलेला_पंखा
मग गणपती गेल्यावर बघू.