जुन्या घराचं सिनेगॉग झालं, तर घर वाचलं की गेलं?

कोनाडा:
एका कुटुंबाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर ज्यू समाजाने सिनेगॉगसाठी, म्हणजे आपल्या प्रार्थनास्थळासाठी घेतलं. दिवाणखान्यात प्रार्थना, वर मुलांचे हिब्रूचे वर्ग, खाली शब्बाथचं, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचं, एकत्र जेवण. बाहेरून सगळं जसंच्या तसं. तरी माझ्या मते घर तिथे संपतं. सभेला जागा पुरावी म्हणून मधली भिंत पाडतात. तोराचं, म्हणजे ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या गुंडाळ्यांचं, कपाट जेरुसलेमच्या दिशेला हवं, नेमकी तिथे खिडकी असली तर ती बुजते. खोल्यांचं मापच गेलं, मग उरलं काय?

पायवाट:
साफ असहमत. सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोस या प्राचीन शहरातलं सिनेगॉग मुळात राहतं घरच होतं. आधी त्याच खोल्या वापरल्या, मग इ.स. २४४-४५ मध्ये मोठं सभागृह उभं केलं आणि पुढे भिंती चित्रांनी भरल्या. एका चित्रात बाई नाईलच्या पाण्यात उभी राहून तान्ह्या मोशेला, म्हणजे ज्यूंच्या प्रेषिताला, उचलून धरते. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजा चालून आल्या, तेव्हा शहराचा पश्चिमेचा तट भक्कम करायला लगतच्या इमारतींत माती भरली. सिनेगॉग त्यातच गाडलं गेलं, म्हणून १९३२ मध्ये चित्रं रंगांसकट हाती लागली. आज ती दमास्कसच्या संग्रहालयात आहेत. नुसतं घर राहिलं असतं तर आज त्याच्याबद्दल कोण बोललं असतं?

कोनाडा:
चित्रं वाचली हो, घर कुठे वाचलं? छताच्या कौलावरच्या लेखात नावं आहेत ती याजक शमुवेल आणि बांधकाम करवून घेणाऱ्यांची. आणि परतीची वाटही अरुंद. मिश्ना हा ज्यूंचा जुना धर्मनियमांचा ग्रंथ सांगतो, सिनेगॉग विकलं तर ते पैसे त्याहून पवित्र वस्तूसाठीच वापरायचे.

पायवाट:
त्याच अरामी लेखाची सुरुवात ‘हे घर बांधलं’ अशी आहे! हिब्रूतही सिनेगॉग म्हणजे ‘बेत क्नेसेत’, सभेचं घर.

उंबरठा:
मुळात घरच का घेतात, ते दोघांनीही सांगितलं नाही. धर्मनियम पाळणारे ज्यू शब्बाथला गाडी चालवत नाहीत, त्यामुळे सिनेगॉग चालत जाण्याच्या अंतरावर लागतं. सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ हवेत, सनातनी पंथात दहा पुरुष. म्हातारी माणसं पोचू शकली नाहीत तर प्रार्थना अडते. भरवस्तीत मोकळी जमीन कुठली मिळायला? मिळालं तर जुनं घर मिळतं.

मी अशा एका घरात गेले आहे. चौकटीवर तिरकी लावलेली मेझुझा, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी असलेली छोटी डबी, तिला बोट लावून आत येणारी पोरं. जिन्याचा लाकडी कठडा पहिल्या वळणावर हात लागून लागून गुळगुळीत झालेला. तो आधीच्या कुटुंबाच्या हातांनी झिजला की या पोरांच्या, मला सांगता येईना. कोनाडा, भिंत पाडण्याबद्दलचं तुमचं दुःख मला कळतं. पण कुलूप लागलेल्या घरातला कठडा तसाच खडबडीत राहिलेला मला नको आहे.

कोनाडा:
कठड्याचं पटलं. खिडकीचं अजून नाही. ती विटांनी न बुजवता आतून लाकडी फळीने झाकता येते, एवढं तरी करा.